पोटावरची उशी

स्टुडिओतल्या त्या लहानशा खोलीत एक उशी होती. निळ्या अभ्र्याची, एका कोपऱ्यातून कापूस डोकावणारी. आता तुम्ही म्हणाल, जिथे माणसं उभी राहून कार्टूनला आवाज देतात तिथे उशीचं काय काम? तर ती डोक्याखाली घ्यायची नव्हतीच. ती पोटावर धरायची. माइक म्हणजे भलता चुगलखोर प्राणी. चपलेची करकर, कागदाची सळसळ आणि उपाशी पोटाची गुरगुर, सगळं जसंच्या तसं काचेपलीकडे पोचवतो. म्हणून ज्याचं पोट बोलायला लागेल त्यानं ती उशी पोटाशी कवटाळायची आणि काम पुढे चालू ठेवायचं, असा तिथला रिवाज. आणि गेली कित्येक वर्षं ती उशी एकाच बाईच्या पोटाशी होती. खारूताईच्या.

खारूताई हे काही तिचं खरं नाव नव्हे. लहान मुलांच्या एका मालिकेत एक खादाड खार होती. रोज सकाळी फांदीवर उड्या मारत 'उठा उठा, झाड हललं!' असं ओरडून सगळ्या जंगलाची झोपमोड करायची. तिचा आवाज ही बाई काढायची. इतकी वर्षं काढला की गल्लीतली पोरं, कोपऱ्यावरचा दुकानदार, टपालवाला, सगळे तिला खारूताईच म्हणायला लागले. नवरासुद्धा. गंमत बघा, पडद्यावरची खार प्रत्येक प्रसंगात काहीतरी कुरतडत असायची, आणि तिचा आवाज काढणारी बाई मात्र सकाळपासून उपाशी.

उपाशी का, तर तरुणपणी कुणीतरी तिच्या डोक्यात भरवून दिलं होतं की पोट भरलं की आवाज जड होतो. ते एकदा डोक्यात बसलं ते बसलंच. सकाळी कोरा चहा, मग दिवसभर पेपरमिंटच्या गोळ्या, दुपारी पुन्हा चहा, आणि जेवण थेट रात्री, नवरा घरी आला की. नवरा बस चालवायचा, आणि रात्रीची गावातली शेवटची फेरीही त्याचीच. तो यायचा, हातपाय धुवायचा, मग दोघं समोरासमोर बसायची आणि दिवसभराची भूक एका बैठकीत वसूल करायची. तो बसमधल्या माणसांच्या नकला सांगायचा, ती त्यांना आवाज द्यायची. ताटं रिकामी झाली की दिवा बंद आणि दोघं आडवी. दिवसभर एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या त्या दोघांचा सगळा संसार त्या एका जेवणात होता, म्हटलं तरी चालेल.

तर झालं असं, की त्या खारीवर आता मोठा सिनेमा निघाला. खारूताईला आकाश ठेंगणं झालं. आणि नेमका तेव्हाच तिचा आवाज बसायला लागला.

पहिल्या दिवशी तिनं माइकसमोर 'उठा उठा' म्हटलं आणि 'झाड' काही बाहेर पडेना. घशात काहीतरी अडकल्यासारखं झालं. खाकरली, पुन्हा म्हटलं. खार नाही, खारीचा म्हातारा सासरा बोलल्यासारखा आवाज आला.

काचेपलीकडे बसणाऱ्या रेकॉर्डिंगवाल्याला सगळे कानसेन म्हणायचे, कारण त्याच्या कानातून मुंगीचं पाऊलही निसटायचं नाही. तो म्हणाला, "ताई, दोन गोष्टी आहेत. आवाज फाटतोय आणि पोट बोलतंय. पोटाला उशी आहे. आवाजाला काय लावू?"

दिग्दर्शन करणारी म्याडम तरुण होती, चटपटीत होती, आणि तिला एक खोड होती. ती काचेपलीकडे बसायचीच नाही. कलाकाराच्या शेजारी, अगदी खांद्याला खांदा लावून उभी राहायची आणि हातानं इशारे करायची. त्या दिवशी तिनं हात खाली घेतला. दोन-चार दिवस वाट पाहिली, मग खारूताईला बाजूला घेऊन म्हणाली, "ताई, मी लहान होते तेव्हा तुमच्या आवाजानं उठायचे. म्हणून सांगायला जड जातंय. पण सिनेमाच्या मालकांना आवाज आजारी वाटतोय. महिन्याभरानं पुन्हा घेऊ. तेव्हाही असाच आला, तर दुसरी मुलगी बघावी लागेल."

खारूताई हसून "बरं" म्हणाली आणि बाहेर जिन्यात येऊन ढसाढसा रडली. रडण्याचा आवाजसुद्धा घोगराच येत होता, त्याचं तिला आणखीच रडू आलं.

मग सुरू झाले उपाय. गुळण्या झाल्या, मध झाला, वाफारे झाले. गळ्याला भर उन्हात मफलर आला. तिनं मौन धरलं, तेव्हा नवरा म्हणाला, "हे आधी का नाही सुचलं तुला?" आणि उशीचा फटका खाऊन गप्प बसला. कशाचा म्हणून उपयोग नाही. सकाळी उठलं की घसा बंद पडलेला. पूर्वी ती नवऱ्याला खारीच्याच आवाजात हाक मारून उठवायची. आता खांदा हलवून उठवायला लागली. त्यानं एकदा विचारलं, "झाड हलत नाही का गं हल्ली?" तिनं मफलर घट्ट आवळला आणि चहा टाकायला गेली.

शेवटी घशाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. बाईंनी नाकातून एक बारीक नळी आत घातली आणि पडद्यावर तिला तिचाच घसा दाखवला. आवाजाच्या तारा सुजलेल्या, मागचा भाग लालबुंद.

"सकाळी घसा जास्त खराब असतो?"

"हो."

"तोंडाला आंबट पाणी येतं? झोपेतून ठसका लागून उठता?"

"कधीमधी. म्हणजे, रोज."

"रात्री जेवता किती वाजता?"

खारूताईला रागच आला. "अहो डॉक्टर, मी घसा दाखवायला आलेय. जेवणाचं काय विचारताय?"

"कारण घसा बिचारा निर्दोष आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दिवसभर पोट रिकामं ठेवायचं, रात्री त्यात सगळं एकदम कोंबायचं आणि लगेच आडवं व्हायचं. मग ते खाली जाणार कसं? पोटातलं आम्ल वर येतं आणि रात्रभर या तारांना भाजत बसतं. आणि या पेपरमिंटच्या गोळ्या! पोटाच्या वरचं जे दार आम्लाला अडवतं तेच त्या सैल करतात. तुम्ही औषध म्हणून चोराला किल्ली देताय."

खारूताईनं तोंडातली गोळी गुपचूप गालात सरकवली.

बाईंनी औषध दिलं, पण बजावलं की नुसत्या औषधानं भागायचं नाही. सकाळी पोटभर नाश्ता, दुपारी वेळेवर जेवण, आणि रात्रीचं जेवण हलकं, संध्याकाळीच, झोपायच्या निदान तीन तास आधी. घास चावून खायचा. पलंगाची डोक्याकडची बाजू विटा लावून उचलायची. हे सगळं नेटानं केलं तर तारा बऱ्या होतील, पण हळूहळू. घाई चालायची नाही.

"बाकी सगळं करते," खारूताई म्हणाली. "पण रात्रीचं जेवण मी नवऱ्याबरोबर जेवते."

"मग त्यांना लवकर बोलवा."

"अहो, ते बस चालवतात. माझ्या घशासाठी शेवटची बस आधी कशी सोडतील?"

"मग तुम्ही आधी जेवा आणि ते आले की नुसत्या समोर बसा."

म्हणायला सोपं होतं हो! पण खारूताईला आपला नवरा पक्का ठाऊक होता. एकदा ती तापानं जेवली नव्हती, तर यानंही ताट झाकून ठेवलं होतं. दिवसभर बस चालवून आलेला माणूस, तिच्यामुळे उपाशी झोपणार. तिला वाटलं, आवाज वाचवायला जावं तर घरातलं ते एक ताट मोडतं. आणि ताट सांभाळावं तर खार जाते. जीव नुसता कात्रीत सापडला.

आणि तिनं काय केलं? काहीच नाही! नाश्ता सुरू केला, दुपारचं जेवण सुरू केलं, आणि रात्री पुन्हा नवऱ्यासमोर बसून, त्याला संशय नको म्हणून, पूर्वीइतकंच जेवायला लागली. म्हणजे आता तर दिवसाचंही आणि रात्रीचंही. आंबट पाणी पहिल्यापेक्षा जोरात वर यायला लागलं. एका पहाटे ठसका लागून ती उठून बसली आणि तिच्या तोंडून 'पाणी' हा शब्दही धड निघेना, तेव्हा मात्र ती घाबरली. महिना संपत चालला होता. तिनं ठरवलं, आता सांगायचं.

घरी सांगायची हिंमत नव्हती. घरी तो थकलेला असायचा आणि ताट समोर असायचं. म्हणून संध्याकाळी स्टुडिओतून सुटल्यावर तिनं डबा भरला. भात, उकडलेली भाजी, दोन अंडी. आणि नवऱ्याची बस जिथे वळायची त्या शेवटच्या थांब्यावर गेली. खरं तर तिथे जेवायला वेळच नसतो, असं तो नेहमी सांगायचा. "बस वळवली, चहाचा घोट घेतला की निघालो." म्हणून ती आजवर कधी गेली नव्हती. पण डबा बघून दोन घास तरी खाईल, आणि खाता खाता आपण सांगून टाकू, असा तिचा हिशेब.

बस थांब्यावर रिकामी उभी होती. दिवे लावलेले. खारूताई मागच्या दारानं वर चढली आणि जागीच थबकली.

सगळ्यात मागच्या लांब सीटवर वर्तमानपत्र अंथरलेलं. एका बाजूला कंडक्टर, दुसऱ्या बाजूला तिचा नवरा. मध्ये दोन मोठे डबे. आणि नवऱ्याच्या तोंडात एवढा मोठा घास, की गाल फुगलेले. अगदी पडद्यावरच्या खारीसारखे.

"अगंबाई!" कंडक्टरच ओरडला. "वहिनी!"

नवऱ्याला बोलता येईना. गिळता येईना आणि थुंकताही येईना.

"चालू द्या," खारूताई घोगऱ्या आवाजात म्हणाली. "चहाचा घोट चाललाय वाटतं."

"तसं नाही गं..."

"मग कसं? मी रात्री उपाशी तुमची वाट बघत बसते, आणि तुम्ही इथे पंगत मांडून बसता? आणि वर घरी येऊन माझ्यासमोर पुन्हा जेवता? कुठे जातं ते सगळं?"

कंडक्टरनं न राहवून ड्रायव्हरसाहेबांच्या पोटाकडे पाहिलं. खारूताईनंही पाहिलं. तिच्या डोक्यात एकदम उजेड पडला. सहा महिन्यांत तिनं याच्या दोन विजारी सैल केल्या होत्या, आणि कापड आटतं म्हणून दुकानदाराशी भांडली होती.

"सांगा आता," कंडक्टर म्हणाला. "नाहीतर मी सांगतो."

"तू गप रे," नवरा म्हणाला आणि मग मान खाली घालून बोलला. "अगं, रात्री जेवून झोपलो की छातीत आग पेटायची. उठून बसायचो. तू झोपलेली असायचीस, म्हणून बोललो नाही. एक दिवस गाडी चालवताना कळ आली. मला वाटलं, काळजाचंच काहीतरी. डॉक्टर म्हणाले, काळीज ठीक आहे, रात्रीचं जेवण आवर. संध्याकाळी जेव. म्हणून हा माझा डबा आणायला लागला."

"मग मला का नाही सांगितलं?"

"काय सांगू? तू दिवसभर काही खात नाहीस. रात्री फक्त माझ्याबरोबर म्हणून जेवतेस. मी भूक नाही म्हटलं असतं, तर तूही ताट सारून उठली असतीस. तेवढं एक जेवण पोटात जातंय तुझ्या, तेही माझ्यामुळे तुटलं असतं. म्हणून म्हटलं, खाऊया आणखी थोडं. आगच आहे ना, सोसू."

खारूताई धपकन सीटवर बसली. तिला हसावं की रडावं कळेना, म्हणून तिनं दोन्ही केलं. घोगऱ्या घशानं ती इतकी हसली की ठसका लागला, आणि ठसक्यातून रडू फुटलं. मग सगळं सांगून टाकलं. नाकातली नळी, सुजलेल्या तारा, पेपरमिंट, आणि सिनेमातून जायला निघालेली खार. नवरा ऐकत राहिला. ऐकता ऐकता त्याचा चेहरा पडला.

"म्हणजे तू माझ्यासाठी जेवत होतीस आणि मी तुझ्यासाठी," तो म्हणाला. "आणि दोघंही जळत होतो. आपल्यासारखी शहाणी माणसं शोधून सापडायची नाहीत गं."

"वहिनी, गाडी सुटायला अजून वेळ आहे," कंडक्टर म्हणाला आणि वर्तमानपत्राची घडी आणखी उलगडली. "डबा उघडा आधी. बाकीचं घरी भांडा."

तिघं त्या मागच्या सीटवर जेवली. खारूताई घाईघाईनं घास घ्यायला लागली तेव्हा नवऱ्यानं तिच्या हातावर हात ठेवला. "सावकाश," तो म्हणाला. "कुणी हिसकावून घेत नाहीये."

तेव्हापासून तोच नेम झाला. संध्याकाळी स्टुडिओ सुटला की खारूताई डबा घेऊन शेवटच्या थांब्यावर. जेवण झालं की त्याच बसनं घराजवळच्या थांब्यापर्यंत, पुढच्या सीटवर बसून. रात्री नवरा आला की दोघं कोमट पाण्याचे पेले घेऊन समोरासमोर बसायची, नकला पहिल्यासारख्याच चालायच्या. पलंगाखाली विटा आल्या. पहिल्या रात्री नवरा घसरत घसरत पायथ्याशी जाऊन पडला आणि म्हणाला की आपण बस चढावर उभी केल्यासारखं वाटतंय.

आंबट पाणी थांबलं, पण आवाज म्हणाल तर जागचा हलेना. खारूताई चिडायची. "काही होत नाहीये. उगाच विटा वाहिल्या." नवरा म्हणायचा, "इतक्या वर्षांचं भाजलेलं चार दिवसांत भरतंय होय?" तिनं म्याडमकडे आणखी थोडी मुदत मागितली. म्याडमनं मालकांशी भांडून ती मिळवली, पण ही शेवटची हेही सांगितलं. तोवर खारीचा आवाज काढायचाच नाही, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. खारूताईनंही काढला नाही. खरं सांगायचं तर तिला भीती वाटत होती. काढून बघितला आणि आलाच नाही तर?

स्टुडिओत ती इतर बारीकसारीक कामं करत होती. एक दिवस कानसेन काचेपलीकडून म्हणाला, "ताई, तब्येत बरी आहे ना? तुमचं पोट हल्ली बोलत नाही. मला चुकल्याचुकल्यासारखं होतंय." उशी कोपऱ्यातल्या स्टुलावर धूळ खात पडली होती.

आणि मग तो दिवस आला. सकाळी तिनं नीट नाश्ता केला, दुपारी नीट जेवली, आणि माइकसमोर उभी राहिली. म्याडम नेहमीसारखी खांद्याला खांदा लावून शेजारी. कानसेननं हात वर केला. प्रसंग साधाच होता. थंडीनंतरची पहिली सकाळ, सगळं जंगल झोपलंय, आणि खार फांदीवर येते. खारूताईनं डोळे मिटले. तिला जंगल दिसलंच नाही. तिला दिसली ती मागची लांब सीट, अंथरलेलं वर्तमानपत्र आणि वाट बघणारा माणूस.

"उठा उठा, झाड हललं!"

आवाज निघाला तो थेट छताला जाऊन भिडला. बारीक, लख्ख, खोडकर, एक चरासुद्धा नाही. तिचा तिलाच खरा वाटेना. पुढची वाक्यं आपोआप येत गेली. शेवटच्या शब्दानंतर खोलीत शांतता पसरली, आणि त्या शांततेत स्पष्ट ऐकू आलं:

गुर्रर्र.

खारूताईचा चेहरा उतरला. सवयीनं तिनं स्टुलावरची उशी उचलली. काचेपलीकडे कानसेननं डोळे मिटून कानावरचा हेडफोन दाबला.

"ताई, उशी ठेवा खाली," तो म्हणाला. "तुमचं नाही ते. तुमचं पोट मी झोपेतही ओळखीन, ते खालच्या पट्टीत बोलतं. हे नवीन आहे."

सगळ्यांच्या नजरा म्याडमकडे वळल्या. म्याडम कानापर्यंत लाल झाली. "सकाळपासून वेळच नाही मिळाला," ती पुटपुटली. "चहावर आहे."

कानसेन हसत सुटला. खारूताईनं मात्र हसण्याआधी विचारून घेतलं, "म्याडम, खार राहिली का माझी?"

"राहिली का काय? ताई, माझ्या अंगावर काटा आला. तुमचीच आहे ती." म्याडमचे डोळे भरून आले होते. "फक्त शेवटचं वाक्य पुन्हा घ्यावं लागेल. माझ्यामुळे."

"घेऊ की. पण आधी हे," खारूताई म्हणाली, आणि तिनं पिशवीतून संध्याकाळचा डबा काढून म्याडमच्या हातात दिला. "अर्धा तुमचा, अर्धा माझ्या ड्रायव्हरचा. खाली बसा. आणि सावकाश चावा." निळी उशी तिनं म्याडमला बसायला स्टुलावर घातली.

त्या संध्याकाळी मागच्या सीटवर डबा अर्धाच पोचला. बातमी ऐकून कंडक्टरनं आनंदानं घंटीची दोरी ओढली, आणि ड्रायव्हरसाहेबांनी आपल्या डब्यातलं अंडं बायकोच्या झाकणात ठेवलं. "खारीचा आवाज काढून दाखव ना," ते मग म्हणाले. ती म्हणाली, "इथे नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं नाश्ता मांडला आणि खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. विटांनी उचललेल्या पलंगावर नवरा आडवातिडवा घोरत होता. उठल्या उठल्या घसा कसा असतो, ते तिला चांगलं ठाऊक होतं. तिनं एकदा आवंढा गिळला. काही अडकलं नाही.

"उठा उठा, झाड हललं!"

नवरा ताडकन उठून बसला. तिच्याकडे बघून लहान पोरासारखा हसला.

"पुन्हा म्हण," तो म्हणाला.

"नाश्ता गार होतोय," ती म्हणाली, आणि मग पुन्हा म्हटलं.